बेंजामिन जोवेट: ऑक्सफर्डचा पाद्री, बेलियल कॉलेजचा मास्टर आणि आपल्या स्पर्धा परीक्षा

पेठकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, धागा काढायची ही पहिलीच वेळ. लांबलंय, पण विषय मनात घर करून बसलाय म्हणून लिहितोय.

मी पुण्यात पाच वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केला. सकाळी सातला अभ्यासिकेत खुर्ची धरायची ती रात्री अकरापर्यंत. पोस्ट निघाली नाही, आता दुसरं काम करतो आणि बरं चाललंय. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता, की लेखी परीक्षा घेऊन अधिकारी निवडायचे ही कल्पना मुळात कुणाची? आमच्या नोट्समध्ये एक ओळ असायची, १८५३ चा चार्टर कायदा, मेकॉलेची समिती, १८५५ ला सनदी सेवेची (आयसीएसची) पहिली परीक्षा, पाठ करा आणि पुढे चला. त्या समितीत पाच जण होते आणि त्यातला एक होता ऑक्सफर्डचा सदतीस वर्षांचा शिक्षक, शिवाय इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित पाद्री, बेंजामिन जोवेट. त्याच्याबद्दल वाचायला लागलो आणि वाचतच गेलो.

जन्म १८१७ चा, लंडनच्या कॅम्बरवेलचा. वडिलांचा फरचा धंदा होता तो बुडत गेला, आणि वडिलांचं सगळं लक्ष बायबलमधल्या स्तोत्रांचं पद्यात रूपांतर करण्यात. घर विस्कटलं, बाकीची मंडळी लंडन सोडून गेली आणि हा पोरगा एकटा खोली घेऊन सेंट पॉल्स शाळेत शिकत राहिला. तिथून स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात. १८३८ ला, अजून पदवीसुद्धा हातात नव्हती तेव्हाच त्याला कॉलेजचा फेलो (म्हणजे कॉलेजच्या कायम मंडळीतला एक) करून घेतलं. १८४२ ला ट्यूटर, १८४५ ला पूर्ण पाद्री. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये शिकवायचं तर बहुतेक फेलोंना दीक्षा घ्यावीच लागायची, आणि चर्चची एकोणचाळीस कलमं मान्य आहेत अशी सही केल्याशिवाय तिथे प्रवेशसुद्धा नव्हता.

१८५४ ला बेलियलचा मास्टर वारला. मास्टर म्हणजे आपल्याकडच्या भाषेत प्राचार्य, पण अधिकार कितीतरी जास्त. सगळ्यांना वाटत होतं जोवेटच होणार, पण निवडून आले रॉबर्ट स्कॉट, ज्यांचा ग्रीक शब्दकोश अजून वापरतात ते. जोवेटला हे फार लागलं. पुढच्याच वर्षी सेंट पॉलच्या पत्रांवरचं त्याचं भाष्य आलं आणि त्यावरून तक्रार झाली की हा माणूस ख्रिस्ताच्या बलिदानाचा अर्थच बदलतोय. त्याच वर्षी तो ग्रीकचा रिजियस (म्हणजे राजसत्तेने नेमलेला) प्रोफेसर झाला होता. तर कुलगुरूंनी बोलावून घेतलं आणि कलमांवर पुन्हा सही करायला लावली. त्याने केली.

मग १८६० ला सात जणांच्या निबंधांचं एक पुस्तक आलं, त्यात याचाही एक लांबलचक निबंध होता, सांगणं एवढंच की बायबलचा अर्थ इतर कुठल्याही पुस्तकाचा लावतो तसाच लावा, लिहिणाऱ्याने ज्या काळात, ज्या माणसांसाठी लिहिलं ते आधी बघा. आज आपल्याला यात काही वाटणार नाही, तेव्हा इंग्लंड पेटलं. सातातल्या दोघांना चर्चच्या कोर्टाने दोषी ठरवलं, १८६४ ला प्रिव्ही कौन्सिलने (तिथल्या वरच्या कोर्टाने) तो निकाल फिरवला तर सुमारे अकरा हजार पाद्र्यांनी विरोधात सह्या केल्या! जोवेटवर १८६३ ला कुलगुरूंच्या कोर्टात खटला भरला, मागे होते ऑक्सफर्डमधल्या परंपरावादी पाद्र्यांचे पुढारी डॉक्टर प्युझी. तो खटला पुढे चालला नाही. पण ग्रीकच्या प्रोफेसरचा पगार वर्षाला ४० पौंड होता तो काही वाढवेनात, वर्षानुवर्षं ठराव यायचा आणि पडायचा. कारण एकच, तुझं लिहिणं आम्हाला पटत नाही. १८६५ ला कुठे तो ५०० पौंड झाला. म्हणजे दहा वर्षं हा माणूस ४० पौंडांवर ती प्राध्यापकी करत राहिला, शिकवणं एक दिवस कमी केलं नाही, मुलं रात्री निबंध घेऊन खोलीवर यायची आणि हा बसून एकेक वाक्य तपासायचा.

१८७० ला स्कॉट दुसरीकडे डीन म्हणून गेले आणि जोवेट मास्टर झाला. पुढची तेवीस वर्षं, मरेपर्यंत. मधली चार वर्षं, १८८२ ते १८८६, कुलगुरू. ज्या कुलगुरूंच्या कोर्टात उभं केलं होतं त्याच खुर्चीत हा बसला, हे वाचताना मला अभ्यासिकेतले दिवस आठवले आणि घशाशी आलं.

वडील म्हणायचे, आपल्याला वशिला नाही, परीक्षा आहे. ते वाक्य या माणसापर्यंत जाऊन पोचतं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

अनुस्वार

उत्तम लिहिलंय, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). उच्चाराबद्दल एक. तिथल्या मुलांनी कॉलेजातल्या लोकांवर पद्यं रचली होती, त्यात जोवेटच्या तोंडी असं घातलंय की मी या कॉलेजचा मास्टर, जे मला ठाऊक नाही ते ज्ञानच नव्हे. त्या पद्यातल्या यमकावरून उच्चार 'जोइट'च्या जवळ जातो. मराठीत जोवेट रूढ आहे, चालू द्या.

सह्यकडा

पेठकर, लेख आवडला पण एका ठिकाणी थांबवतो. परीक्षा आली म्हणून वशिला गेला हे इंग्लंडातल्या पोरांसाठी खरं. आधी ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर आपापल्या ओळखीतल्या मुलांची नावं द्यायचे आणि ती हेलिबरीच्या कॉलेजात जायची, ते बंद झालं, चांगलं झालं. पण आपल्यासाठी काय झालं ते बघा. परीक्षा लंडनमध्येच. समितीने सुचवलेले मार्क बघा, ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. म्हणजे ज्या देशावर राज्य करायला माणसं निवडायची त्या देशाच्या भाषेला परदेशी भाषेच्या निम्मे मार्क, आणि समितीत बसलेला ग्रीक शिकवणारा माणूस!

आणि वय. सुरुवातीला २३ पर्यंत होतं, ते कमी करत करत १८७८ पासून १९ वर आणलं. एकोणीस वर्षांच्या आत इंग्रजी, ग्रीक, लॅटिन करून बोटीने लंडन गाठणार कोण? १८६९ ला चार भारतीय पास झाले, त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर या दोघांना वयाच्या वादात आधी बाद केलं होतं, वय मोजण्याची आपली पद्धत वेगळी म्हणून, मग भांडून परत घेतलं. सुरेंद्रनाथांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, ठाकूरांचं नाव मराठी माणसालाही माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेठकर

सह्यकडा, मार्कांचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. मी हे लिहायला हवं होतं. जोवेटचं त्या काळचं म्हणणं असं होतं की विद्यापीठात जे शिकवतात त्यातच परीक्षा घ्या म्हणजे हुशार पोरगा नापास झाला तरी त्याचा अभ्यास वाया जाणार नाही. विचार चांगला, पण ते विद्यापीठ म्हणजे त्याच्या डोळ्यासमोर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. मुंबई विद्यापीठ निघालंच १८५७ ला.

आणि हे काही त्याच्यासाठी लांबचं प्रकरण नव्हतं. त्याचे दोन भाऊ हिंदुस्थानात नोकरीला आले आणि इथेच वारले. पुढे मास्टर झाल्यावर निवड झालेल्या पोरांना दोन वर्षं विद्यापीठात ठेवायची सोय झाली तेव्हा बेलियलने त्यांना मोठ्या संख्येने घेतलं, तो स्वतः त्यांच्याकडे लक्ष द्यायचा.

जुनापुस्तकवाला

आणि याच बेलियलचे तीन व्हाइसरॉय ओळीने आले हे विसरू नका. लॅन्सडाउन १८८८ ते ९४, एल्गिन ९४ ते ९९, कर्झन ९९ ते १९०५. तिघेही जोवेटच्या काळात बेलियलचे विद्यार्थी. एल्गिनच्या कारकिर्दीत पुण्यातला प्लेग, रँड आणि लोकमान्यांवरचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला. कर्झनच्या कारकिर्दीत बंगालची फाळणी, आणि त्याच कर्झनचा १९०४ चा प्राचीन वास्तू जतन कायदा. या सगळ्याचं खापर शिक्षकावर फोडता येत नाही, पण त्याने पोरांना शिकवलं ते हेच, की तुम्ही जग चालवायला जन्माला आलायत, तर नीट चालवा. ज्यांच्यावर चालवायचं त्यांना कधी विचारलं नाही.

शिक्षिका_मिरज

मी तेवीस वर्षं शाळेत शिकवतेय, त्यामुळे मला राजकारणापेक्षा त्याच्या शिकवण्याबद्दल वाचायला आवडलं. थोडं माझ्याकडून.

त्याच्याच काळात लिंकन कॉलेजचे प्रमुख मार्क पॅटिसन होते, तेही पाद्री, तेही त्या निबंधांच्या पुस्तकातले सातातले एक. त्यांचं मत असं की विद्यापीठ म्हणजे संशोधन, विद्वत्ता, जर्मनीसारखं. जोवेटचं मत उलट, समोर बसलेला मुलगा आधी. संशोधनाच्या बाबतीत जोवेट मागे राहिला असं विद्वान म्हणतात आणि ते बरोबर असेल, त्याच्या प्लेटोच्या भाषांतरातही लोकांनी चुका काढल्या (ते १८७१ ला आलं, चार खंड, आणि पुढे त्याने सुधारत नेलं). पण मी पॅटिसनच्या नव्हे, जोवेटच्या बाजूची आहे. सुट्टीत मुलांना बरोबर घेऊन जायचा, अर्धा दिवस अभ्यास, मग लांब फिरणं. फिरताना घटकाघटका एक अक्षर बोलायचा नाही. एका मुलाचा किस्सा सांगतात, त्याने शांतता असह्य होऊन हवा छान आहे असं काहीतरी म्हटलं, जोवेट गप्प, परत दारात आल्यावर म्हणाला की तुझं ते बोलणं फारसं बरं नव्हतं. खरा असो नसो, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी असल्या शांततेबद्दल लिहून ठेवलंय. बुटका, गोबऱ्या चेहऱ्याचा, पातळ उंच आवाजाचा माणूस, आणि पोरं टरकायची. पण अडचणीतल्या मुलाला गुपचूप पैसेही हाच द्यायचा.

आणखी एक. बेलियलच्या नव्या हॉलमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने ऑर्गन बसवला आणि १८८५ पासून रविवारी संध्याकाळी संगीताच्या मैफली सुरू केल्या. रविवारी! पाद्र्याने! तेव्हाच्या धार्मिक लोकांना कसं वाटलं असेल विचार करा. त्या मैफली अजून चालू आहेत.

सह्यकडा

ताई, शिक्षक म्हणून मोठा होता हे मान्यच. पण मला एक खटकतं ते विचारतो, १८५५ ला त्याने पुन्हा सही का केली? ज्या कलमांवर मनातून विश्वास डळमळला होता त्यावर सही करून नोकरी ठेवली. केंब्रिजच्या हेन्री सिजविकने १८६९ ला याच कारणासाठी फेलोशिप सोडून दिली. ज्याला पटत नाही त्याने सोडावं, हे सरळ नाही का?

जुनापुस्तकवाला

सरळ आहे, पण सिजविकने सोडली तेव्हा वारं बदललेलं होतं, दोनच वर्षांत, १८७१ ला, ती सहीची अटच कायद्याने गेली. १८५५ ला सोडली असती तर जोवेट कुठल्या तरी खेड्यातल्या चर्चमध्ये गेला असता आणि बेलियल त्याच्याशिवाय राहिलं असतं.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमधला चहा आठवा, १८९० चा, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून गदारोळ झाला तो. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं तेव्हा त्यांच्या जवळच्या लोकांनाच किती वाईट वाटलं होतं. माणूस आत राहून वाकला की मोडला, हे बाहेरून सांगता येत नाही.

आणि गंमत बघा, नाही, गंमत नव्हे, हा खरा धागा आहे. पंचहौदचं मिशन कुणाचं? काउलीच्या फादर लोकांचं आणि वाँटेजच्या सिस्टरांचं. काउली म्हणजे ऑक्सफर्डला लागूनच. तो संघ स्थापणारे फादर बेन्सन हे प्युझींच्या प्रभावातले. आणि पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला वाँटेजलाच झाला. म्हणजे ऑक्सफर्डच्या भांडणातली प्युझींची बाजू गुरुवार पेठेत येऊन पोचली होती. जोवेटची बाजू कुठल्या वाटेने आली ते कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

गोदाकाठची

मी लिहिते, याचीच वाट बघत होते! ती वाट नाशिकहून गेली आणि पुण्याहून पुढे.

कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६. वडील पारशी घरातून ख्रिस्ती झालेले पाद्री, आई फ्रॅन्सिना, जिने पुण्यात शाळा चालवली. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली, वर्गात एकटी मुलगी, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. निकाल असा की इंग्लंडला जायची सरकारी स्कॉलरशिप तिलाच मिळायला हवी होती. नाही दिली, कारण बाई. पेठकर, परीक्षेत पहिलं येऊनही!! इथे वशिला नव्हता, परीक्षा होती, तरी दार बंदच.

मग इंग्लंडातल्या लेडी हॉबहाउस वगैरे मंडळींनी वर्गणी काढली. त्यात पैसे घालणाऱ्यांत विल्यम वेडरबर्न होते, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. नाइटिंगेल आणि जोवेट यांची तीस वर्षांची मैत्री, शेकडो पत्रं, त्या आजारी असायच्या तर तो त्यांच्या घरी जाऊन धर्मविधी करायचा. त्यांचा पुणे सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार होता, दख्खनच्या शेतकऱ्यांवर त्यांनी लिहिलंय.

१८८९ ला कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या समरव्हिल या बायकांच्या कॉलेजात पोचली. ती बावीस वर्षांची, जोवेट बहात्तरचा. त्याने तिला आपल्या माणसांत घेतलं, जेवायला बोलवायचा, मोठमोठ्या लोकांशी ओळखी करून द्यायचा. तिला कायदा शिकायचा होता, तिथे बाईने कायदा शिकणं हे कुणी बघितलंच नव्हतं. ऑल सोल्स कॉलेजचे विल्यम अॅन्सन यांनी तिला त्यांच्या कायद्याच्या ग्रंथालयात बसू दिलं, तिथली ती पहिली स्त्री वाचक. आणि १८९२ ला बीसीएलच्या (कायद्याच्या पदवीच्या) परीक्षेला बसायला विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली, त्यामागे जोवेट आणि बाकी मित्रमंडळींची खटपट होती. ती बसली आणि पास झाली. ऑक्सफर्डमध्ये कायद्याची ही परीक्षा देणारी पहिली स्त्री आमच्या नाशिकची.

सह्यकडा

हे मला ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

अनुस्वार

गोदाकाठची, फार सुंदर. मग महाराष्ट्रात तिचं नाव रमाबाई, आनंदीबाई जोशी यांच्यासारखं का नाही? शाळेत एक धडा तरी असायला हवा होता.

गोदाकाठची

दोन कारणं मला वाटतात. एक, तिचं काम झालं बंगाल, बिहार, ओरिसा, आसामात. पडद्यातल्या बायका, विधवा, अल्पवयीन वारस, ज्यांची इस्टेट पुरुष नातेवाईक गिळायचे आणि ज्या परक्या पुरुष वकिलासमोर येऊ शकत नव्हत्या, त्यांची ती कोर्ट ऑफ वॉर्ड्सची (अशा इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याची) कायदेशीर सल्लागार होती, १९०४ पासून. सहाशेच्या आसपास बायका-मुलांना तिने सोडवलं. दुसरं, ती इंग्रजी राज्याच्या बाजूची राहिली, गांधीजींना तिचा विरोध होता. ते मला पटत नाही आणि लपवायचंही नाही. पण म्हणून तिचं काम पुसायचं का?

पेठकर

यावरून आठवलं, बायकांच्या शिक्षणाबाबत त्याची एक गोष्ट मला फार आवडली. ब्रिस्टलला १८७६ ला कॉलेज निघालं, आताचं ब्रिस्टल विद्यापीठ. बेलियल आणि न्यू कॉलेज या दोघांनी पाच वर्षं दरवर्षी प्रत्येकी ३०० पौंड द्यायचं कबूल केलं, आणि अट घातली की शिक्षण बायकांनाही खुलं पाहिजे आणि नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी वर्गही पाहिजेत. स्वतःच्या ऑक्सफर्डमध्ये तेव्हा जे करता आलं नाही ते दुसऱ्या गावात पैशाच्या जोरावर करून घेतलं.

रेडिंगवासी

मी इथून ऑक्सफर्डला कामानिमित्त महिन्यातून दोनदा जातो. धागा वाचून परवा वॉल्टन स्ट्रीटवरच्या सेंट सेपल्कर कब्रस्तानात गेलो, जोवेट तिथे आहे. कमानीतून आत गेलं की शहराचा आवाज एकदम कमी होतो. गवत वाढलेलं, झाडं दाट, सापडायला अर्धा तास लागला. शेजारी एक आजोबा कुत्रा फिरवत होते, त्यांनी विचारलं कुणाला शोधताय, मी नाव सांगितलं तर त्यांनीच दाखवलं आणि म्हणाले, भारतातून आलेले लोक सहसा इथे येत नाहीत. मी त्यांना नाशिकचं सांगितलं. दहा मिनिटं ऐकत उभे राहिले. मध्यवस्तीत त्याच्या नावाचा जोवेट वॉक म्हणून रस्ता आहे, मी शंभरदा तिथून गेलोय, कधी थांबलो नव्हतो.

शिक्षिका_मिरज

काल नववीच्या मुलींना ऑफ तासाला हा सगळा धागा वाचून दाखवला. एकीने विचारलं, मॅडम, कॉर्नेलियाबाईंना डिग्री मिळाली तेव्हा ते म्हातारे सर होते का? मला उत्तर येईना.

पेठकर

ताई, नव्हते. परीक्षा १८९२ ला दिली पण डिग्री नाही दिली, तेव्हा ऑक्सफर्ड बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी द्यायचं नाही. जोवेट १ ऑक्टोबर १८९३ ला गेला. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० ला, आणि कॉर्नेलियाबाई तिथे जाऊन आपली पदवी घेऊन आल्या १९२२ ला, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. पुढच्या वर्षी लंडनच्या लिंकन्स इनने बॅरिस्टर म्हणून घेतलं.

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. गोदाकाठची, कॉर्नेलियाबाईंवर वेगळा धागा तुम्ही काढा, मी श्रीपाद ठाकुरांबद्दल शोधायला लागलोय.